परमुलखातील गढ्या, राजवाडे आणि आपण बायका

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा निरोप संपादिकाबाईंनी पाठवला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेरच्या गावी शाळाच तेवढी होती, आणि पुढच्या शाळेला रोज चार कोस मुलीला कोण पाठवणार? पण इतिहासाचे पुस्तक मला शाळेतही आवडे आणि आजही आवडते. मुलांची इतिहासाची पुस्तके मी त्यांच्याआधी वाचून काढी. त्यातून देवाच्या कृपेने परदेशातील काही जुने वाडे व किल्ले डोळ्यांनी पाहण्याचा योग आला. जे पाहिले व समजून घेतले, ते भगिनींपुढे ठेवते. गोड मानून घ्यावे.

माझी धाकटी बहीण जर्मनीत नोकरी करते. तिचे पहिले बाळंतपण. आई आता नाही, तेव्हा आईच्या जागी मीच. घरी तीन महिने कोण बघणार, हा प्रश्न होताच. पण सासूबाई म्हणाल्या, "जा तू. आम्ही काही उपाशी मरत नाही." मग डिंकाचे लाडू, खसखस, बाळंतशोपा असे सगळे बांधून घेतले आणि विमानात बसले. बहीण राहते ते गाव लुडविग्सबुर्ग. जर्मनीच्या नैर्ऋत्येला बाडेन-व्युर्टेंबर्ग नावाचा प्रांत आहे, त्याची राजधानी स्टुटगार्ट. आपली मुंबई आणि हे स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-नगरे मानली जातात, हे मला तिथे गेल्यावर कळले. लुडविग्सबुर्ग स्टुटगार्टच्या उत्तरेला अगदी जवळ आहे.

बाळ सव्वा महिन्याचे झाल्यावर बहीण म्हणाली, "अक्का, तू नुसती स्वयंपाकघरात कोंडून घेतली आहेस. चल, तुला इथले राजवाडे दाखवते." तिच्या यजमानांना रविवारची सुटी असे. बाळाला गाडीत घालून आम्ही दर रविवारी एकेक ठिकाण पाहिले.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचे नीट समजेल. तिकडे 'बुर्ग' म्हणजे किल्ला किंवा गढी, आणि 'श्लॉस' म्हणजे साधारणपणे राजवाडा. जुन्या काळी सरदार डोंगरावर जाड भिंतींची गढी बांधून राहात. पुढे तोफा आल्या, आणि भिंत कितीही जाड असली तरी तिचा भरवसा राहिला नाही. मग राजेरजवाडे डोंगर उतरून सपाटीवर आले आणि त्यांनी मोठमोठे वाडे बांधले. ते वाडे राहण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने व्हर्सायला जो वाडा बांधला, त्याची बरोबरी करण्याची हौस जर्मनीतल्या लहानसहान राजांनाही लागली. या काळच्या बांधणीला 'बरोक' म्हणतात. वेडावाकडा मोती अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव पडले असे मानतात. ज्यांनी जुन्या गोव्याचे बाँ जीझसचे चर्च पाहिले आहे, त्यांना आतल्या सोनेरी वेदीवरून बरोकची कल्पना येईल. जिकडे पाहावे तिकडे वेलबुट्टी, सोनेरी मुलामा, छतावर ढगांतून डोकावणाऱ्या देवदेवता. एकही जागा रिकामी म्हणून सोडायची नाही.

पहिला पाहिला तो लुडविग्सबुर्गचाच राजवाडा. व्युर्टेंबर्गचा ड्यूक एबरहार्ड लुडविग याने १७०४ मध्ये तो बांधायला घेतला. सुरुवातीला नुसता शिकारीचा बंगला होता. मग हौस वाढत गेली, आणि १७३३ मध्ये काम पुरे झाले तेव्हा खोल्या झाल्या ४५२! शेवटची बरीच वर्षे काम पाहणारा फ्रिसोनी हा कारागीर इटलीतला होता. वाड्याभोवती गावच नव्हते, म्हणून ड्यूकने १७०९ मध्ये जाहीर केले, की इथे येऊन जो घर बांधील त्याला जागा फुकट, बांधकामाचे सामान फुकट आणि पंधरा वर्षे कर माफ. अशा रीतीने ते गाव वसले. १७०४ म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आपली ताराबाई आली. त्याच वर्षी औरंगजेब राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी तळ देऊन होता आणि ती विधवा राणी राज्य वाचवण्यासाठी झुंजत होती. तिकडे त्याच वेळी शिकारीच्या बंगल्याचा पाया घातला जात होता.

वाडा दाखवणाऱ्या बाई खूप माहिती सांगत होत्या. बहीण मला मराठीतून सांगे. आरसे, झुंबरे, रेशमी भिंती, १७५८ मध्ये बसवलेली लाकडी यंत्रे असलेले वाड्यातले नाटकघर, सारे पाहिले. मला मात्र सारखे वाटे, की इथे चूल कुठे असेल, पाणी कोण भरत असेल? तेव्हा कळले, की अशा वाड्यांत शेगडीला जळण घालायची सोय खोलीच्या मागच्या अरुंद बोळातून असे. नोकर आत दिसता कामा नयेत, ऊब तेवढी यावी! हे ऐकून मी बहिणीकडे पाहिले आणि ती माझ्याकडे. आम्ही दोघी हसलो.

मग मी विचारले, "ड्यूकची राणी कुठल्या खोलीत राहायची?" उत्तर ऐकून वाईट वाटले. राणीचे नाव योहाना एलिझाबेथ. हा वाडा तिच्यासाठी नव्हताच. ड्यूकचे मन विल्हेल्मिने फॉन ग्रेवेनित्झ नावाच्या दुसऱ्या बाईवर बसले होते, आणि पहिली बायको असताना १७०७ मध्ये त्याने तिच्याशी लग्नही लावले. त्यावरून मोठा गहजब झाला, तरी तिचे वजन कमी झाले नाही. १७१८ मध्ये सारा दरबार लुडविग्सबुर्गला हलला. राणी मात्र स्टुटगार्टच्या जुन्या वाड्यातच राहिली. तिने जागा सोडली नाही आणि हक्कही सोडला नाही. अखेर १७३१ मध्ये ड्यूकने त्या बाईला दूर केले व राणीशी समेट केला. पण त्यात पश्चात्ताप किती आणि गरज किती, कोण जाणे. त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच वर्षी वारला, आणि गादीला वारस हवा होता. राणीचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे! दोन वर्षांनी ड्यूक गेला. राणी त्याच्यामागे पुष्कळ जगली, १७५७ पर्यंत. चारशे बावन्न खोल्या मोजून सांगतात, पण तिने पंचवीस वर्षे गिळलेला अपमान कोण मोजणार?

याच वाड्यात पुढे शार्लोटे नावाची एक विधवा राणी राहिली आणि १८२८ मध्ये इथेच वारली. ती इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची थोरली मुलगी. ज्या राजाच्या कारकिर्दीत १८१८ साली आपली पेशवाई बुडाली, तोच हा राजा. चिनीमातीच्या भांड्यांवर चित्रे काढण्याचा तिला नाद होता. आपल्याकडची राजकन्या असती तर रांगोळी काढत बसली असती, असे मला वाटले. सासरी आलेल्या मुलीला हाताला काहीतरी काम लागतेच, मग ती राजाची का असेना.

पुढच्या रविवारी ब्रुखझाल पाहिले. हा वाडा स्पायरच्या धर्माधिकाऱ्यांचा. तिकडे काही बिशप राज्यही करीत. १७२० मध्ये त्याचे काम सुरू झाले. बाल्थाझार नॉयमान या नामांकित वास्तुकाराने केलेला तिथला जिना पाहायला लांबून लोक येतात. दोन्ही बाजूंनी वर्तुळाकार चढत जाणाऱ्या पायऱ्या, खाली अंधारी गुहेसारखी जागा आणि वर आल्यावर एकदम उजेडच उजेड. पण खरी गोष्ट पुढे आहे. १ मार्च १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपायला जेमतेम सव्वादोन महिने उरले असताना, या गावावर विमानांतून बाँब पडले. गावचा बहुतेक मध्यभाग जळाला, सुमारे हजार माणसे मेली आणि वाड्याच्या नुसत्या भिंती राहिल्या. जिन्याचा मूळ सांगाडा तेवढा तगला. आम्ही पाहिला तो वाडा मागाहून जुन्या नकाशांवरून व छायाचित्रांवरून पुन्हा उभारलेला. भिंतीवर लावायचे विणलेले मोठमोठे चित्रपडदे व सामानसुमान मात्र खरे जुने आहे, कारण ते आधीच दुसरीकडे हलवून ठेवले होते. वेळीच उचलून नेले ते वाचले. ही गोष्ट मी मनात ठेवली.

तिसरे ठिकाण हायडेलबर्ग. नदीकाठी गाव आणि वर डोंगराच्या अंगावर तांबड्या दगडाचा मोठा पडका किल्ला. त्याचा एक बुरूज सुरुंगाने असा उडाला आहे, की अर्धा भाग अखंड तुटून खंदकात कलंडला आहे आणि तसाच पडून आहे. भिंतीची जाडी साडेसहा मीटर, म्हणजे एकवीस-बावीस फूट. तो पाहताना भीती वाटते.

हा किल्ला कोणी पाडला? फ्रान्सच्या फौजेने. आणि कोणाच्या नावाने? त्याच घरच्या लेकीच्या नावाने. तिचे नाव एलिझाबेथ शार्लोटे, लाडाचे नाव लिझेलोटे. ती १६५२ मध्ये हायडेलबर्गला जन्मली. एकोणिसाव्या वर्षी, १६७१ मध्ये, बापाने तिला फ्रान्सच्या राजाच्या भावाला दिली. सोयरीक झाली म्हणजे फ्रान्स आपल्यावर चालून येणार नाही, असा बापाचा हिशेब. पुढे १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला. तेव्हा चौदावा लुई, म्हणजे तिचा थोरला दीर, म्हणू लागला, की माझ्या भावजयीचा माहेरच्या मालमत्तेत वाटा आहे, तो द्या. तिने काही मागितले नव्हते. पण तिच्या हक्काचे निमित्त करून फौजा निघाल्या आणि मार्च १६८९ मध्ये त्यांनी हायडेलबर्गचा किल्ला जाळला. १६९३ मध्ये पुन्हा येऊन सुरुंग लावले. लिझेलोटे तेव्हा फ्रान्समध्ये त्याच दिराच्या दरबारात वावरत होती. तिने आपल्या मावशी-आत्यांना व बहिणींना हजारो पत्रे लिहिली. त्यांत ती सांगते, की रात्री डोळा लागतो न लागतो तोच जळलेले माहेर दिसते आणि मग झोप येत नाही. १७२२ मध्ये ती तिकडेच वारली. लग्नानंतर माहेरचा तो किल्ला तिला पुन्हा दिसला नाही.

त्याच मार्च महिन्यात इकडे संभाजी महाराजांना औरंगजेबाने हाल करून मारले, आणि त्याच वर्षी रायगड पडून येसूबाई लहानग्या शाहूसह कैदेत गेली, ती १७१९ मध्ये परतली. सोळाशे एकोणनव्वद हे साल दोन मुलखांतल्या दोन बायकांवर असे कोसळले. एकीला दुसरीचे नावही ठाऊक नव्हते.

लिझेलोटेची गोष्ट ऐकून माझ्या पोटात कालवले. त्याचे कारण सांगते. आमचे माहेरचे घर माळवदाचे, पाच खणांचे. आई गेल्यावर घर मोडकळीला आले. भावाने ते पाडून नवे बांधायचे ठरवले. कागद आला, मी हक्कसोडपत्रावर सही केली. बहिणीनेही इथून कागदपत्रे करून पाठवली. भावाशी आमचे काही वाकडे नाही, वाटा मला नकोच होता. त्याचीही अडचण होती, गळके घर किती दिवस धरून ठेवणार? पण घराचे काय करायचे हे मला कोणी विचारले नाही आणि मीही 'एक खण तरी ठेवा' असे तोंडातून काढले नाही. बाईने सही करायची असते, बोलायचे नसते, असे माझेच मत होते. यंत्राने एका दुपारी सारे आडवे केले. मी गेले आणि ढिगाऱ्यातून आईचे जाते तेवढे काढून रिक्षात घालून आणले. हायडेलबर्गच्या त्या कलंडलेल्या बुरजापाशी आम्ही दोघी बहिणी बराच वेळ काही बोललो नाही. बाळ रडू लागले तेव्हा भानावर आलो.

हायडेलबर्गचे आणखी एक सांगायला हवे. पडल्यावर लोक त्या किल्ल्याचे दगड आपापल्या घरांसाठी नेऊ लागले होते. १८१० मध्ये ग्रेंबेर्ग नावाचा एक गृहस्थ तिथे आला आणि त्याने उरलेला किल्ला वाचवण्यासाठी आपले आयुष्य घातले. हा गृहस्थ फ्रेंच होता! एका फ्रेंचाने पाडले ते दुसऱ्या फ्रेंचाने राखले.

शेवटी गेलो ते वाइन्सबेर्गला. हे पाहिले नसते तर मी हा लेख लिहिला नसता. हाइलब्रॉन शहराशेजारी हे लहान गाव आहे. द्राक्षाच्या मळ्यांमधून चढत गेले की टेकडीवर पडकी गढी लागते. ना सोनेरी मुलामा, ना झुंबरे. थोडी तटबंदी, दोनचार बुरूज आणि वारा. त्या गढीचे नाव 'वायबरट्रॉय', म्हणजे बायकांची निष्ठा.

गोष्ट अशी. ११४० मध्ये तिसऱ्या कोनराड राजाने या गढीला वेढा घातला. डिसेंबर महिन्यात गढी शरण आली. राजाने बायकांना सांगितले, तुम्हाला जाऊ देतो, आणि पाठीवर जेवढे नेता येईल तेवढे घेऊन जा. पुरुषांचे काय होणार हे ठरलेलेच होते. दरवाजा उघडला आणि बायका उतरू लागल्या. कोणाच्या पाठीवर दागिन्यांची पेटी नाही, कपड्यांचे गाठोडे नाही. प्रत्येकीच्या पाठीवर तिचा नवरा! राजाचा भाऊ चिडला, म्हणाला, ही फसवणूक आहे. पण राजा हसला आणि म्हणाला, की राजाने एकदा दिलेला शब्द फिरवता येत नाही. ही हकीकत त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी लिहिलेल्या कोलोनच्या बखरीत आहे. काही इतिहासकार ती खरी मानीत नाहीत. आपल्या हिरकणीबद्दलही असेच वाद घालतात. मला इतकेच कळते, की आठशे वर्षे लोकांनी ही गोष्ट जपली.

त्याच टेकडीची दुसरी गोष्ट मात्र दुःखाची आहे. १५२५ मध्ये तिकडचे शेतकरी वेठबिगारीला व करांना कंटाळून उठले. त्यांच्या मागण्या रास्त होत्या. पण ईस्टरच्या दिवशी त्यांनी ही गढी घेतली आणि हेल्फेनस्टाइनच्या सरदाराला भाल्यांच्या रांगेतून पळायला लावून मारले. त्याची बायको मार्गारेटे ही सम्राट मॅक्सिमिलियनची मुलगी. कडेवर लहान मूल घेऊन तिने हात जोडले, तरी कोणी ऐकले नाही. तिला शेणखताच्या गाडीत बसवून हाइलब्रॉनला पाठवून दिले. पुढे सरदारांच्या फौजेने सूड म्हणून सारे गाव जाळले. जिथे बायकांनी नवरे वाचवले, तिथेच एकीला वाचवता आला नाही. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. एकच सांगितली तर बाईने जीव लावला की सगळे सुटते, असे वाटेल. तसे नसते.

गढी तेव्हापासून पडकीच. इथेही लोक दगड काढून नेत होते. मग गावातले डॉक्टर व कवी युस्टिनुस केर्नर यांच्या पुढाकाराने १८२३ मध्ये गढी राखण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले, आणि भगिनींनो, ते बायकांचे मंडळ होते! पुढच्या वर्षी राजाने गढी त्यांच्या स्वाधीन केली. पैसे कसे जमवले, तर गढीच्या दगडाचा बारीक खडा अंगठीत बसवून त्या अंगठ्या विकल्या. त्या पैशांतून वाटा झाल्या, पडझड थांबली. बुरजात वाऱ्याने आपोआप वाजणाऱ्या तारांच्या वीणा बसवल्या. ते मंडळ केर्नर यांच्या नावाच्या संस्थेबरोबर एक होऊन अजून चालू आहे. एवढे राजे, ड्यूक, बिशप यांचे वाडे पाहिले, पण मला ओळखीचे वाटले ते हेच.

बहिणीने विचारले, "अक्का, तू असतीस तर पाठीवर काय घेतलं असतंस?" मी म्हटले, "यांचं वजन ऐंशी किलो, आणि हा उतार बघ!" तिघेही हसलो. पण परत येताना विचार करीत राहिले. आणलेले जाते आठवले. ते मी वापरत नाही, पण ते आहे म्हणून माझ्या मुलीला आजीचे घर सांगता येते.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्या गावाला गढी आहे. चार बुरजांपैकी एक ढासळला आहे. माळवदावर घालायला गढीची पांढरी माती नेण्याची आपली जुनी रीत. मीही घमेली भरभरून आणली आहे, दोष दुसऱ्या कोणाला देत नाही. माळवदे गेली, तरी माती नेणे थांबलेले नाही. आत बाटल्या पडतात, बायकांना तिकडे जायची सोय नाही. दहा वर्षांनी तिथे नुसता ढिगारा असेल, आणि आपण म्हणू, आम्हाला कोणी विचारलेच नाही.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या संक्रांतीचे हळदीकुंकू सभागृहात न करता गढीच्या पायथ्याशी करावे. त्याआधी दोन दिवस सगळ्यांनी मिळून आतली जागा झाडून काढावी. प्लॅस्टिकच्या डब्यांचे वाण यंदा लुटू नये. ते पैसे एकत्र ठेवून पायथ्याला काटेरी तार लावावी व ग्रामपंचायतीकडे रीतसर अर्ज द्यावा. ज्यांना गढीची जी गोष्ट ठाऊक असेल, ती त्यांनी लिहून मंडळाच्या वहीत द्यावी. विशेषतः सासूबाईंच्या वयाच्या बायकांकडून ती आजच विचारून घ्यावी. वही माझ्याकडे ठेवायला मी तयार आहे. अर्जावर पहिली सही माझी. ही सही मी विचार करून करीत आहे.